रेस्ट म्हणजे आराम नव्हे: संगीतात न वाजणारी जागा कशी लिहितात

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटं काम सांगतो. तुम्ही ज्या ॲपवर हे ऐकताय, त्याच्या सेटिंगमध्ये जा. तिथे 'ट्रिम सायलेन्स' किंवा अशाच नावाचं एक बटण असू शकतं. सगळ्या ॲपमध्ये नसतं, पण बऱ्याच ॲपमध्ये असतं. ते चालू असेल तर आजच्यापुरतं बंद करा. दीडपट वेगाने ऐकत असाल तर ते खुशाल चालू ठेवा, त्याने काही बिघडत नाही. या दोन बटणांत नेमका काय फरक आहे, ते शेवटी एका हिशोबाने दाखवतो. आणि जे हे वाचताय, त्यांनी कंसात 'शांतता' लिहिलं असेल तिथे खरंच थांबा.

आजचा विषय आहे संगीताच्या लिपीतली शांतता. मध्यंतरी एका मित्राने कीबोर्ड शिकायला सुरुवात केली. ॲपवरून शिकतोय, ऑफिसमधून आल्यावर अर्धा तास. त्याने विचारलं, "हे रेस्ट का लिहितात रे? काही वाजवायचं नाही, तर लिहायचं कशाला? जागा रिकामी सोडा ना सरळ." प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर शोधत गेलो की कळतं, जगातल्या वेगवेगळ्या पद्धतींनी याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दिलीत, आणि त्या उत्तरांची सरमिसळ झाली की गाणं मोडतं.

आधी पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन घेऊ. पाच आडव्या रेघा आणि त्यांना उभ्या रेघांनी पाडलेले कप्पे. एका कप्प्याला बार म्हणतात. सुरुवातीला चारावर चार लिहिलं असेल, तर प्रत्येक बारमध्ये चार ठोक्यांचा हिशोब पूर्ण लागला पाहिजे. साडेतीन चालत नाहीत, सव्वाचार चालत नाहीत. म्हणजे आवाज तीन ठोक्यांचा असेल, तर उरलेला एक ठोका कुणाच्या तरी नावावर टाकावा लागतो. तो रेस्टच्या नावावर जातो. कागदावरची रिकामी जागा किती रुंद आहे यावरून वेळ मोजता येत नाही, म्हणून त्या जागेला चिन्ह लागतं.

ही चिन्हं पाहिली नसतील तर डोळ्यासमोर आणा. होल रेस्ट म्हणजे खालून चौथ्या रेघेला लटकलेली छोटी काळी पट्टी. हाफ रेस्ट म्हणजे तशीच पट्टी, पण मधल्या रेघेवर बसलेली. क्वार्टर रेस्ट नागमोडी, घाईत सही केल्यासारखी. एट्थ रेस्ट म्हणजे तिरकी काडी आणि तिला एक आकडा. सिक्स्टीन्थला दोन आकडे. एक गंमत लक्षात ठेवा. होल रेस्ट नेहमी चारच ठोक्यांची असते असं नाही. पूर्ण बार रिकामा असेल तर तीच पट्टी लावतात, मग तो बार तीन ठोक्यांचा का असेना. नवीन शिकणारे वॉल्ट्झमध्ये इथे हमखास एक ठोका जास्त मोजतात.

ही कल्पना खूप जुनी आहे. कोलोनचा फ्रँको नावाचा एक युरोपीय संगीतज्ञ होऊन गेला. साधारण १२८० च्या आसपास त्याने ताल मोजून लिहिण्यावर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात शांततेसाठी उभ्या रेघा होत्या. रेघ जितकी लांब, तितकी शांतता मोठी. पण चिन्हापेक्षा मला त्याची मांडणी जास्त आवडते. त्याच्या मते काळ हे माप फक्त निघालेल्या आवाजाचं नाही, तर न निघालेल्या आवाजाचंही आहे. म्हणजे दोघांना एकच फूटपट्टी. सातशेहून जास्त वर्षं झाली, अजून तेच चाललंय.

आता उदाहरण घेऊ. बीथोवनची पाचवी सिम्फनी. नाव माहीत नसलं तरी चाल माहीत आहे तुम्हाला, जाहिरातींत, मीममध्ये हजारदा ऐकलीय. टॅ टॅ टॅ टाऽऽ. व्हिएन्नामध्ये २२ डिसेंबर १८०८ ला ती पहिल्यांदा वाजली. आता सांगा, या सिम्फनीत सगळ्यात पहिलं चिन्ह कशाचं आहे?

(शांतता)

रेस्टचं. ही रचना दोन ठोक्यांच्या बारमध्ये आहे. पहिल्याच बारमध्ये आधी एट्थ रेस्ट येते आणि मग तीन एट्थ स्वर. म्हणजे पहिला जोराचा ठोका शांततेवर पडतो. संचालक हात खाली आणतो आणि त्या क्षणी कुणीच वाजवत नाही. तुम्ही म्हणाल, ऐकणाऱ्याला काय फरक पडतो? सुरुवातीची शांतता कुणाला ऐकू येते? करून बघा. मांडीवर ठोका द्या आणि त्याच ठोक्यावर पहिला 'टॅ' म्हणा. टॅ टॅ टॅ. तीन चेंडू टप्पे खात गेल्यासारखं ऐकू येतं. आता ठोका रिकामा जाऊ द्या आणि लगेच मागून म्हणा. (ठोका) टॅ टॅ टॅ टाऽऽ. आता ते तिन्ही 'टॅ' त्या मोठ्या 'टा'वर जाऊन आदळतात. धावत येऊन दार ढकलावं तसं. न ऐकू येणाऱ्या ठोक्याने पुढच्या चारही स्वरांचं वजन बदललं.

आणि त्या मोठ्या 'टा'वर दुसरं एक चिन्ह आहे, फर्माटा. अर्धगोल आणि त्याखाली एक टिंब, डोळ्यासारखं. त्याचा अर्थ, इथे मोजणं थांबवा, हा स्वर हवा तितका धरा. किती? ते संचालक ठरवतो. रेस्ट आणि पॉज यांतला फरक हाच. रेस्टमध्ये आवाज थांबतो, पण घड्याळ चालू असतं. फर्माटामध्ये आवाज चालू असतो, पण घड्याळ थांबतं. माझ्या मित्रासारखे बरेच जण या दोन्हींना 'पॉज'च म्हणतात आणि मग गोंधळतात.

आपल्याला हे अगदी अनोळखी नाही. दहावीला वृत्तं घोकलीत ना? शार्दूलविक्रीडित, १९ अक्षरं, यती १२ व्या अक्षरावर. यती म्हणजे थांबण्याची जागा. पण यती किती वेळ थांबायचं ते सांगत नाही, फक्त कुठे ते सांगतो. रेस्ट दोन्ही सांगते, कुठे आणि किती.

म्हणून 'रेस्ट' हा शब्दच फसवा आहे. आराम वगैरे काही नसतो. ऑर्केस्ट्रामधल्या वादकाला विचारा. त्याच्या कागदावर कधी कधी एक जाडी आडवी पट्टी असते आणि तिच्यावर आकडा, समजा २४. म्हणजे २४ बार तू गप्प. तो मनात मोजत असतो, एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार. दर वेळी पहिला आकडा बारचा. एक बार चुकला तर शंभर लोकांच्या मध्ये तो एकटाच वाजेल. म्हणून चांगल्या छापील प्रतीत शेवटच्या एक-दोन बारवर दुसऱ्या वाद्याची ओळ बारीक अक्षरात देतात. बासरी हे वाजवताना ऐकू आली की तुझी पाळी.

पाचव्या सिम्फनीत तर ट्रॉम्बोनवाले पहिले तीनही भाग नुसते बसून असतात आणि चौथ्या भागात वाजवायला सुरुवात करतात. पूर्ण भागभर गप्प राहायचं असेल तर प्रतीवर 'टॅसेट' लिहितात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण जॉन केज या अमेरिकन संगीतकाराने तोच शब्द घेऊन एक अख्खी रचना केली. चार मिनिटं तेहतीस सेकंद, तीन भाग, तिन्ही टॅसेट. २९ ऑगस्ट १९५२ ला न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकला डेव्हिड ट्यूडर पियानोसमोर बसला आणि एकही स्वर वाजवला नाही. लोक त्याची चेष्टा करतात, मीम बनवतात. पण एक मुद्दा विसरतात. ती शांतता मोजलेली होती. ट्यूडर घड्याळ बघत होता, भागाची सुरुवात आणि शेवट पियानोचं झाकण हलवून दाखवत होता. मोजमाप होतं, म्हणूनच तिला रचना म्हणता आलं.

त्याच्या कितीतरी आधी हायडनने शांततेतून विनोद केलाय. १७८१ चं त्याचं एक स्ट्रिंग क्वार्टेट आहे, ओपस ३३ मधलं दुसरं, टोपणनावच 'द जोक'. शेवटी तो मुख्य चालीचे तुकडे करतो आणि मध्ये मध्ये रेस्ट टाकतो. प्रत्येक वेळी वाटतं, झालं, टाळ्या वाजवू. मग आधीपेक्षा लांब शांतता. लोक टाळ्या सुरू करतात, आणि अगदी हळू आवाजात चालीचा पहिला तुकडा पुन्हा वाजतो. आणि तिथेच संपतं. हा विनोद 'ट्रिम सायलेन्स' लावून ऐका. काहीच उरत नाही.

आता आपल्याकडे येऊ. पंडित विष्णू नारायण भातखंडे, जन्म मुंबईत, १८६०. शिक्षणाने वकील. त्यांनी घराण्यांतल्या बंदिशी जमवल्या, लिहिल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या, तेही मराठीत. गाणं शिकणाऱ्या कुणाच्याही घरी त्यातलं एखादं पुस्तक असतंच. भातखंडे पद्धतीत स्वरांच्या ओळीत आडवी रेघ येते. समजा लिहिलंय: प, मग रेघ, मग रेघ, मग म. चार मात्रा. स्टाफ नोटेशन किंवा एखाद्या ड्रम मशीनची सवय असलेल्या माणसाला वाटेल, एक वाजवा, दोन रिकाम्या सोडा, मग पुढचा. अर्थ नेमका उलटा आहे. रेघ म्हणजे आधीचा स्वर चालू ठेवा. पंचम तीन मात्रा धरायचा. खालच्या शब्दांच्या ओळीत त्याच जागी अवग्रह येतो, तो 'ऽ', म्हणजे अक्षर लांबवा.

आणि शून्य? तालाच्या खुणांत शून्य असतं. तीनतालात १६ मात्रा, समेला फुली, पाचवीला २, नववीला शून्य, तेराव्या मात्रेला ३. शून्य म्हणजे खाली. नाव खाली, चिन्ह शून्य, तरी तिथे शांतता नसते. टाळीऐवजी हात हवेत फिरवतात. तबल्यावर त्या भागात डग्ग्याची घुमक निघून जाते, 'धिं'चं 'तिं' होतं. हलकं होतं, बंद होत नाही. रूपकात तर सात मात्रांचा ताल सुरूच खालीपासून होतो, समच खाली.

म्हणजे बघा, आपल्याकडे रेघ आहे पण ती शांतता नाही, शून्य आहे पण ती शांतता नाही. मग शांतता लिहितात कुठे? पकड किंवा स्वरविस्तार लिहिताना स्वल्पविराम देतात. इथे वाक्य तुटतं, एवढं तो सांगतो. किती वेळ, हे पुस्तकातून मिळत नाही, ते समोर बसून शिकायचं.

हे सगळं मी आत्ताच का सांगतोय, तर घरात एक काम चालू आहे. माझी आत्या मिरजेला गाणं शिकवायची. आता तिचं वय ७८. तिच्या हाताने लिहिलेल्या बंदिशींच्या नऊ वह्या आहेत, कडा पिवळ्या पडल्यात. घरच्यांनी ठरवलं, डिजिटल करू. फोटो काढले, स्वर टाइप केले आणि एका तयार कन्व्हर्टरमधून मिडी फाइल बनवली. फोनवर लावून तिला ऐकवली. तिने अर्धं आवर्तन ऐकलं आणि म्हणाली, "अरे, हा उचकी लागल्यासारखा का गातोय?"

कन्व्हर्टरने प्रत्येक रेघ शांतता धरली होती. मी तिला रेघ दाखवली. ती म्हणाली, "ही रेघ म्हणजे गप्प बसायचं नाही रे. आवाज धरून ठेवायचा."

मी विचारलं, "मग गप्प कुठे बसायचं?"

तिने चष्मा लावला आणि वहीत पेन्सिलीची एक बारीक तिरकी खूण दाखवली, शब्दाच्या डोक्यावर. "हा श्वास. गुरुजींनी इथे थांबवलं होतं, मी घरी येऊन खूण केली. पुस्तकात नाही हे."

त्या खुणा टाइप करताना कुणी घेतल्याच नव्हत्या. कागदावरचा डाग वाटावा इतक्या फिकट आहेत. आणि प्रत्येक श्वासाचा अर्थ वेगळा. एका ठिकाणी ती आधीचा स्वर जरा लवकर सोडते आणि पुढची मात्रा वेळेवर धरते. पाश्चात्त्य नोटेशनमध्ये ओळीच्या वर स्वल्पविरामासारखी खूण असते, श्वासाची, तिचा नियमही साधारण हाच. वेळ आधीच्या स्वरातून घ्यायचा, तालातून नाही. दुसऱ्या ठिकाणी आत्या मुद्दाम पूर्ण मात्रा रिकामी सोडते. खूण मात्र दोन्हीकडे तीच. कोणती कुठली, हे आज फक्त तीच सांगू शकते. म्हणून आता दर रविवारी सकाळी आमचा व्हिडिओ कॉल असतो. ती गुणगुणते, मी लिहितो. आवाज पूर्वीसारखा लागत नाही, पण थांबायच्या जागा एकदम पक्क्या आहेत. नऊपैकी तीन वह्या झाल्यात.

यातली तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. मिडी हे १९८३ चं मानक. त्यात रेस्ट नावाची गोष्टच नाही. 'स्वर चालू', 'स्वर बंद' आणि दोन घटनांमधलं अंतर, बस. शांतता म्हणजे कुणी काही न सांगितलेला वेळ. त्यामुळे एक ठोक्याचा स्वर कुणी तुटक वाजवला, की अर्ध्या ठोक्याचा स्वर आणि अर्ध्या ठोक्याची रेस्ट लिहिली होती, हे मिडीवरून कळत नाही. उलट म्युझिक एक्सएमएल हा फॉरमॅट घ्या. त्यात रेस्टसाठी स्वतंत्र खूण आहे, आणि ती 'नोट' या घटकाच्या आत लिहितात. म्हणजे रेस्ट हा एक प्रकारचा स्वरच, फक्त उंची नसलेला. फ्रँको खूश झाला असता.

आपल्या बंदिशी डिजिटल करणाऱ्या कुणीही तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. आधीचा स्वर चालू आहे. इथे मुद्दाम शांतता आहे. आणि इथे काय आहे ते माहीत नाही. कोड लिहिणाऱ्यांना कळेल, जुनी व्हॅल्यू, शून्य आणि नल. या तिन्हींना एकच रिकामा चौकोन दिला, की पुढच्या पिढीला उचकी लागलेली बंदिश मिळणार.

आता सुरुवातीला कबूल केलेला हिशोब. तबल्यात तिहाई असते, एकच बोल तीनदा वाजवून शेवटचा 'धा' समेवर आणायचा. मध्ये थांबून वाजवली तर दमदार, न थांबता वाजवली तर बेदम. दम म्हणजे इथे विराम. एक बोल घ्या: तिट, कत, गदि, गन, धा. पाच मात्रा. तीनताल चालू आहे, समेपासून सुरू करा. सोळा मात्रा संपून सतरावी म्हणजे पुढची सम.

तिट कत गदि गन धा. (एक मात्रा शांतता) तिट कत गदि गन धा. (एक मात्रा शांतता) तिट कत गदि गन धा.

बोटांवर मोजा. पहिला धा पाचव्या मात्रेवर, सहावी रिकामी. दुसरा धा अकराव्या मात्रेवर, बारावी रिकामी. तिसरा धा सतराव्या, म्हणजे बरोब्बर समेवर. पाच गुणिले तीन पंधरा, अधिक दोन दम, सतरा.

आता हे दीडपट वेगाने ऐका. बोल जलद झाले, दमही तितकाच जलद झाला, समही लवकर आली. प्रमाण तेच, त्यामुळे धा समेवरच. आता 'ट्रिम सायलेन्स' लावा. बोल तसेच राहिले, दोन्ही दम कापले गेले. शेवटचा धा पंधराव्या मात्रेवर पडला, समेच्या दोन मात्रा आधी. एकही बोल चुकला नाही, एकही गाळला नाही, तरी तिहाई चुकली. फक्त न वाजलेला भाग काढला होता.

मित्राला मी हेच वाजवून दाखवलं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच होतं. आता तो रेस्ट आली की मोठ्याने आकडा म्हणतो. स्वर मनात आणि शांतता तोंडाने. शेजारचे वैतागलेत, पण ताल सुटत नाही. तुम्ही काही शिकत असाल, गिटार, हार्मोनियम, काहीही, तर आठवडाभर हे करून बघा.

आणि घरात कुणाची गाण्याची वही असेल, आई, आजी, काका, कुणाचीही, तर आज फोटो काढा. नुसते फोटो पुरणार नाहीत, त्या माणसाला ते म्हणायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंग नंतर एडिट करताना मधली शांतता कापू नका. आवाज लागत नसला, खोकला आला, मध्येच कुकरची शिट्टी झाली, तरी राहू द्या. सूर वहीत सापडतील. कुठे थांबायचं ते त्या रेकॉर्डिंगमध्येच असेल.

आजच्यासाठी इतकंच. ते बटण आता परत चालू केलंत तरी चालेल, माझी हरकत नाही. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.